जिथे सिस्टीनच नाही, तिथे डायमर (दोन रेणूंची जोडी) आला कुठून? रत्नागिरीतील अल्फा-सायन्यूक्लिनचे एक प्रकरण

मानवी अल्फा-सायन्यूक्लिन हे चेतापेशींच्या टोकांशी, सायनॅप्सपाशी मुबलक सापडणारे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत दिसणाऱ्या लेवी पिंडांत ते साठलेले असते, हे १९९७ साली दाखवले गेले. याच प्रथिनातल्या ए५३टी या बदलाचा (५३व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी थ्रिओनिन) आनुवंशिक पार्किन्सनशी असलेला संबंधही त्याच वर्षी उघड झाला. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा हे प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवून वापरतात. ते बनवायला स्वस्त आहे, उकळले तरी टिकते आणि शुद्ध करण्यासाठी त्याला टॅग (पकडायला जोडलेला जादा तुकडा) लावावा लागत नाही. लहान महाविद्यालयालाही ते झेपते, म्हणूनच हे प्रकरण तपशिलाने मांडत आहोत.

प्रयोगशाळा रत्नागिरीजवळची. रातांब्याच्या सालीचा अर्क या प्रथिनाच्या तंतू बनण्यावर काही परिणाम करतो का, हे तिथे पाहायचे होते. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर प्रथिनाचा मुख्य बँड १६-१७ किलोडाल्टनला येत होता, आणि ते बरोबरच आहे. खरे वस्तुमान १४,४६० डाल्टन असले तरी साखळीच्या आम्लधर्मी शेपटीमुळे (शेवटच्या भागामुळे) हे प्रथिन जेलवर थोडे वर दिसते. अडचण दुसऱ्या बँडची होती. ३५ किलोडाल्टनच्या आसपास एक फिकट पट्टी कधी दिसे, कधी नाही. ताज्या प्रथिनात जवळजवळ नसायची आणि फ्रीझरमध्ये ठेवलेल्या नळ्यांत ठळक व्हायची. अर्क मिसळलेल्या नमुन्यांत तर ती आणखी गडद होत होती. ‘अर्कामुळे डायमर बनतो’ असे एक वाक्य अहवालाच्या मसुद्यात येऊनही बसले होते.

दिवस पावसाळ्याचे. “मॅडम, रात्री लाईट गेली होती, फ्रीझर वितळला असणार,” हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटले. त्यात तथ्यही होते. अल्फा-सायन्यूक्लिन गोठवले-वितळवले की गुठळ्या धरते हे खरेच आहे, आणि जून ते सप्टेंबर कोकणात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. पण खापर पावसावर फोडण्याआधी एक साधी गोष्ट तपासायला हवी होती. मानवी अल्फा-सायन्यूक्लिनच्या १४० अमिनो आम्लांत सिस्टीन एकही नाही. ट्रिप्टोफॅनही नाही. टायरोसिन चार आहेत: ३९, १२५, १३३ आणि १३६ या स्थानांवर. डायसल्फाइड बंध दोन सिस्टीनमधल्या गंधकांना जोडतो; सिस्टीन नाही म्हणजे डायसल्फाइड बंध नाही. मग दोन रेणूंना एसडीएसमध्ये (प्रथिने उलगडणाऱ्या साबणासारख्या द्रव्यात) उकळूनही न सुटणारी गाठ कशाची?

प्रथिन कसे बनवले जात होते

पद्धतीत दोष नव्हता. पुढचा तर्क तिच्यावरच उभा आहे, म्हणून ती इथे देतो. जनुक वाहून नेणारे पीटी७-७ प्लाझ्मिड (डीएनएचे वर्तुळ), बीएल२१(डीई३) जिवाणू, दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये अर्धा लिटर एलबी माध्यम, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अँपिसिलिन. माध्यमाची घनता ६०० नॅनोमीटरला ०.६ झाली की प्रथिन बनवणे सुरू करणारे १ मिलिमोलर आयपीटीजी, मग ३७ अंशांवर चार तास. जिवाणू खाली बसवून त्यांचा लगदा १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८.०), १ मिलिमोलर ईडीटीए आणि प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे १ मिलिमोलर पीएमएसएफ यांत मिसळायचा. पीएमएसएफ पाण्यात फार वेळ टिकत नाही, ते अगदी शेवटी घालावे.

त्यानंतर उकळणे. नळ्या ९५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटे. जिवाणूची बहुतेक प्रथिने दह्यासारखी फाटतात. अल्फा-सायन्यूक्लिनला मुळात घट्ट घडीच नसल्याने ते द्रावणात राहते. मोठ्या नळीत आतले तापमान चढायला वेळ लागतो, म्हणून एका नळीत १५ मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये. आत तापमान पुरेसे न चढल्यास प्रोटिएझ (प्रथिने कापणारी एन्झाइमे) जिवंत राहतात आणि शेपटी कुरतडलेले तुकडे मुख्य बँडच्या जरा खाली दिसू लागतात. थंड करायला मिरकरवाडा बंदरातला लादीचा बर्फ चालतो, पण नळ्यांची तोंडे बर्फाच्या वर राहायला हवीत. तो बर्फ मासळीसाठी असतो, आणि त्यात मीठ मिसळलेले असेल तर तापमान शून्याच्या खाली जाऊन नळ्या गोठतात.

१५,००० जीला (गुरुत्वाच्या १५,००० पट) अर्धा तास फिरवून वरचे द्रावण घ्यायचे, डीएनए काढण्यासाठी १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट, पुन्हा फिरवणे. मग अमोनियम सल्फेट ५० टक्के संपृक्ततेपर्यंत: शून्य अंशावर लिटरला २९१ ग्रॅम, २५ अंशांवर ३१३ ग्रॅम. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण वीज गेलेल्या खोलीत २९ अंशांवर शून्य अंशाचा आकडा वापरला तर प्रथिनाचा काही भाग वरच राहून वाया जातो. खाली बसलेले प्रथिन २० मिलिमोलर ट्रिसमध्ये डायलिसिस करून क्यू स्तंभावर (विद्युतभारानुसार प्रथिने वेगळी करणाऱ्या) चढवायचे. ते साधारण २५० ते ३०० मिलिमोलर मिठाला उतरते. शेवटी जेल फिल्ट्रेशन, म्हणजे आकारानुसार वेगळे करणारा स्तंभ.

जेल फिल्ट्रेशनबद्दल एक सावधगिरी. घडी नसल्यामुळे एकटा रेणूही इथे ५५-६० किलोडाल्टनच्या गोल प्रथिनासारखा लवकर बाहेर येतो. स्तंभावरचे स्थान पाहून ‘हा टेट्रामर (चार रेणूंचा गट) आहे’ असे म्हणता येत नाही. हे प्रथिन पेशीत टेट्रामर असते का, यावर २०११ पासून मोठा वाद झाला आणि त्यात या मुद्द्याचा बराच वाटा होता.

प्रमाण मोजताना २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषण्याचा गुणांक ५,९६० धरायचा, म्हणजे चार टायरोसिनचे प्रत्येकी १,४९०. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण जेमतेम ०.४१ दाखवते. आकडा इतका लहान असताना उरलासुरला डीएनए मोजणी सहज फसवतो, म्हणून २६० नॅनोमीटरचे वाचन सोबत घ्यावेच.

चार संशयित

३५ किलोडाल्टनच्या पट्टीची चार कारणे संभवत होती. उकळूनही टिकणारे जिवाणूचे एखादे प्रथिन. गोठवण्या-वितळवण्यातून झालेली, एसडीएसला न जुमानणारी गुठळी. टायरोसिन-टायरोसिन बंध, जो ऑक्सिडेशनने होतो आणि कायमचा असतो. किंवा डायसल्फाइड, जो या प्रथिनात असूच शकत नाही. चौथ्याकडे कुणी वळले नाही, कारण तो अमिनो आम्लांच्या क्रमातच बसत नव्हता.

यातल्या चौथ्याला बाकीच्या तिघांपासून वेगळे करायला एकच जेल पुरते. तोच नमुना दोनदा लावायचा: एकदा नुसत्या सॅम्पल बफरमध्ये, एकदा डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या ताज्या १०० मिलिमोलर डीटीटीसह, दोन्ही ९५ अंशांवर पाच मिनिटे. डीटीटीने पट्टी गेली तर बंध डायसल्फाइडचा. राहिली तर बाकीच्या तिघांपैकी कुणाचा तरी. या दोन लेनच्या (जेलवरच्या रांगांच्या) मधे किमान दोन लेन रिकाम्या सोडाव्यात. डीटीटी जेलमध्ये पसरून शेजारच्या लेनमधले बंधही तोडते आणि दोन्हीकडे सारखेच चित्र दिसते. ही चूक फार सर्रास होते आणि निष्कर्ष थेट उलटवते.

रिकाम्या लेन सोडून जेल चालवले. डीटीटीच्या लेनमध्ये पट्टी साफ गेली, बिनडीटीटीच्या लेनमध्ये ठसठशीत राहिली. टायरोसिनचा बंध डीटीटीने तुटत नाही, गुठळीला डीटीटीने फरक पडत नाही. उरला तो ‘अशक्य’ संशयित.

पट्टी कधी दिसते, कधी नाही, याचा उलगडाही इथेच झाला. रोजच्या सॅम्पल बफरमध्ये बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल होते, तेही डायसल्फाइड तोडते. ते उडून जाते, हवेने ऑक्सिडाइझही होते; सैल झाकणाची बाटली महिनोन्महिने टेबलावर राहिली तर तिच्यात नुसता वास उरतो. ताज्या बफरने चालवलेल्या जेलमध्ये पट्टी नव्हती, जुन्या बाटलीने चालवलेल्यात होती. त्यात भर अशी, की मोकळे सिस्टीन पीएच ८ला हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू जोडीने बांधले जाते. प्रथिन जितके जुने, तितके डायमर जास्त. पावसाळ्यातल्या नळ्या जुन्याही होत्या आणि वीजही गेलेली होती. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि कारण म्हणून दिसली ती वीज.

सिस्टीन आहे, हे कसे ठरवले

पहिली खात्री एलमनच्या रसायनाने, म्हणजे डीटीएनबीने. ते मोकळ्या थायॉलशी (सिस्टीनच्या गंधक गटाशी) जोडले की पिवळा रंग सोडते. ४१२ नॅनोमीटरला गुणांक १४,१५०. पण बांधलेले सिस्टीन त्याला दिसत नाही. म्हणून आधी डीटीटीने बंध तोडायचे आणि मग डिसॉल्टिंग स्तंभावरून ते डीटीटी पूर्ण काढायचे. डीटीटी स्वतःच थायॉल आहे, त्याचा थेंबभर अंश राहिला तरी सगळे वाचन खोटे. स्तंभातून उतरलेले, प्रथिन नसलेले बफर कोरी तुलना म्हणून घ्यावे. पुन्हा बंध जुळू नयेत यासाठी मोजणी लगेच उरकावी.

७० मायक्रोमोलर प्रथिनात सिस्टीन नसेल तर वाचन शून्य यायला हवे. दर रेणूला एक सिस्टीन असेल तर ०.९९. प्रत्यक्षात ते ०.१५ च्या आसपास आले, म्हणजे दर सातांतल्या एका रेणूत सिस्टीन. हे प्रमाणच बोलके आहे. प्लाझ्मिडमध्ये बदल झाला असता तर सगळेच रेणू बदलले असते. तरीही जनुक दोन्ही बाजूंनी वाचून घेतले. एकही अक्षर चुकलेले नव्हते.

दुसरी खात्री मास स्पेक्ट्रोमेट्रीची. त्यासाठी नमुना पुण्याला पाठवायचा होता. पावसात घाट बंद पडला की कोरडा बर्फ वाटेतच संपतो. प्रथिन अमोनियम बायकार्बोनेटमध्ये बदलून घेऊन गोठवून सुकवले तर साध्या कुरिअरने, बर्फाविना जाते. फॉस्फेट आणि मीठ आधी काढावे लागते. ते राहिले तर मुख्य शिखराशेजारी २२ आणि ९८ डाल्टनच्या पटीत खोट्या शिखरांची रांग लागते. सुकवलेली पूड स्क्रू झाकणाच्या नळीत, वर पॅराफिल्म, बाहेर सिलिका जेलची पुडी.

इथे मात्र कोकणातला दमट वारा खरोखर आडवा येतो. ही पूड उघडल्याबरोबर ओल ओढते आणि नळीच्या भिंतीला चिकट पापुद्रा धरते. तराजूवर तोलून तिचे द्रावण केले तर प्रथिन कमी आणि पाणी जास्त मोजले जाते. पूड तोलूच नये. विरघळवावी आणि २८० नॅनोमीटरला मोजावी.

नमुने दोन पाठवले, एक जसाच्या तसा आणि एक डीटीटीने तोडून स्वच्छ केलेला. पहिल्यात १४,४६० आणि २८,७९८. दुसऱ्यात २८,७९८ नाहीसे आणि १४,४६० च्या शेजारी १४,४००. वजाबाकी ६० ची. टायरोसिनच्या जागी सिस्टीन आले की साखळी बरोबर ६० डाल्टनने हलकी होते, आणि असे दोन रेणू जुळताना दोन हायड्रोजन गळतात: १४,४०० दुणे उणे २. मेथिओनिनचे ऑक्सिडेशन असते तर १६ ची वाढ दिसली असती, घट नव्हे.

दोष भाषांतराचा

हा दोष मुखवटा घालून बसलेला असला तरी नवा नाही. मानवी जनुकात १३६व्या टायरोसिनचे कोडॉन (एक अमिनो आम्ल सांगणारी तीन अक्षरे) टीएसी आहे. ई. कोलायचा रायबोसोम (प्रथिन जुळवणारे पेशीतले यंत्र) या एका जागी ते कधीकधी टीजीसी समजून वाचतो आणि टायरोसिनऐवजी सिस्टीन बसवतो. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. तिथे अशा रेणूंचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. जनुक बरोबर, प्लाझ्मिड बरोबर, तरी प्रथिन चुकीचे. म्हणून जनुकाचे वाचन कितीही वेळा केले तरी हा दोष सापडत नाही.

उपाय एका अक्षराचा आहे. टीएसीच्या जागी टीएटी. अर्थ तोच, टायरोसिनच. पण हे कोडॉन जिवाणू नीट वाचतो.

बदल साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिसने, म्हणजे ठरावीक जागी अक्षर बदलण्याच्या पद्धतीने केला. प्रायमर (बदल घेऊन येणारा डीएनएचा छोटा तुकडा) बनवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: १३६ नंतर जनुकात चारच अमिनो आम्ले आणि थांबण्याचे कोडॉन उरते, म्हणजे फक्त १५ अक्षरे. बदललेल्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना १५-१५ अक्षरे घेतली तर प्रायमर जनुकाच्या अगदी शेवटी संपतो. त्याहून लांब हवा असेल तर पुढचा क्रम आपल्या प्लाझ्मिडचा घ्यावा लागतो; दुसऱ्या प्रयोगशाळेचा तयार प्रायमर मागवला तर तो बसेलच असे नाही. १८ चक्रे, मग डीपीएन१ एन्झाइमने जुने, मिथिल लागलेले प्लाझ्मिड कापणे, डीएच५ अल्फामध्ये रूपांतरण आणि काही वसाहतींचे वाचन. डीपीएन१ला एक तास पूर्ण द्यावा. जुने प्लाझ्मिड कापायचे राहिले तर वसाहती भरपूर येतात आणि त्यातल्या बहुतेक जुन्याच असतात.

नव्या प्लाझ्मिडचे प्रथिन त्याच पद्धतीने बनवले. बिनडीटीटीच्या लेनमध्ये ३५ ची पट्टी नाही, डीटीएनबीचे वाचन कोऱ्या बफरइतकेच, मास स्पेक्ट्रममध्ये १४,४६० एकटे. काही आठवडे ४ अंशांवर मुद्दाम ठेवलेली नळीही पुन्हा जेलवर लावली. ही शेवटची चाचणी गाळू नये, कारण जुन्या प्लाझ्मिडचे ताजे प्रथिनही पहिल्या दिवशी स्वच्छच दिसत होते.

जुना साठा थोडाफार वाचवता येतो. टीसीईपी या डीटीटीसारख्या द्रव्याने बंध तोडून, ते काढून, प्रथिन सिस्टीन पकडणाऱ्या थायोप्रोपिल सेफारोजवरून सोडले की सिस्टीन असलेले रेणू चिकटतात आणि चांगले खाली उतरतात. मात्र हा खटाटोप संपत आलेल्या, पुन्हा बनवणे अवघड अशा साठ्यासाठीच करावा. ‘प्रयोगात १ मिलिमोलर डीटीटी घालून टाका’ हा सल्ला तर इथे अजिबात लागू नाही. अर्कातल्या पॉलिफेनॉलचे ऑक्सिडेशन डीटीटी थांबवते, म्हणजे जे तपासायचे तेच बदलते.

अर्काचे काय झाले

पॉलिफेनॉल हवेत ऑक्सिडाइझ होताना हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि स्वतः क्विनोन होतात. मोकळ्या सिस्टीनला या दोन्ही गोष्टी झपाट्याने गाठतात. अर्काने डायमर वाढतो असे दिसत होते ते याचमुळे: नसायला हवे होते ते सिस्टीन अर्काशी भिडत होते. नव्या प्रथिनासोबत तोच अर्क, त्याच प्रमाणात ठेवला तेव्हा डायमर आला नाही. मसुद्यातले ते वाक्य काढून टाकले. क्विनोन लायसिनशीही जोडतात आणि या प्रथिनात लायसिन १५ आहेत, त्यामुळे अर्काची रासायनिक खोड इथे संपत नाही. पण ती शोधायची तर आधी प्रथिन खरे हवे.

तंतूंची मोजणीही नव्याने लावली. ७० मायक्रोमोलर प्रथिन, तंतूंना चिकटल्यावर चमकणारे २० मायक्रोमोलर थायोफ्लेविन-टी, पीएच ७.४ चे फॉस्फेट बफर, १५० मिलिमोलर मीठ, ०.०२ टक्के सोडियम अझाइड. काळ्या ९६ खणांच्या ताटलीत खणाला १०० मायक्रोलिटर आणि ३ मिलिमीटरचा एक काचमणी, वर पारदर्शक चिकटपट्टी, ३७ अंश, सतत हलते. सुरुवातीआधी प्रथिन १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून काढावे आणि खाली उतरलेलेच वापरावे. त्यात जुन्या गुठळीचा कण राहिला तर तो बीज होतो आणि सुरुवातीचा शांत टप्पाच नाहीसा होतो. इथे लक्षात घ्यावे की डायसल्फाइडचा डायमर जेमतेम २९ किलोडाल्टनचा, तो या गाळणीतून बिनदिक्कत पार होतो. गाळणीने गुठळी अडते, हा दोष अडत नाही.

यंत्र यूपीएसवर ठेवणे इथे अत्यावश्यक आहे. वीज गेली की हलणे थांबते, मणी खाली बसतो, तंतू बनणे मंदावते. वीज आल्यावर यंत्र पुन्हा चालू होते, पण त्या मधल्या वेळेमुळे एका ताटलीचा आलेख दुसऱ्याशी ताडता येत नाही. वीज गेल्याची वेळ आलेखावर खूण करून ठेवावी, आणि अर्कासह व अर्काविना असे खण नेहमी एकाच ताटलीत ठेवावेत.

रातांब्याच्या सालीचा रंग ही वेगळी अडचण. तिच्यातली लाल अँथोसायनिन द्रव्ये आणि पिवळे गार्सिनॉल थायोफ्लेविनच्या ४४०-४८५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश खातात. प्रकाश कमी दिसला म्हणजे तंतू कमी झाले असे नाही. आधी बनवून ठेवलेल्या तंतूंत अर्क घालून पाहावे: तिथेही वाचन लगेच पडले तर तो रंगाचा परिणाम. इथे ते पडले. म्हणून अखेरचा निर्णय प्रकाशावर न सोडता किती प्रथिन तळाशी बसले यावर सोपवला. प्रत्येक खणातले द्रावण २०,००० जीला तासभर फिरवायचे, वर उरलेले प्रथिन जेलवर ताज्या डीटीटीसह लावायचे आणि सुरुवातीच्या नमुन्याशी ताडायचे. या वेगाला पक्के तंतू बसतात, बारीक ऑलिगोमर (थोड्या रेणूंचे गट) वरच राहतात. त्यांच्यासाठी १,००,००० जीचा अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतो, आणि तो जिथे आहे तिथे नमुने त्याच दिवशी, न गोठवता न्यावे लागतात.